जुनी लाकडी बोट घ्यावी का? आधी खाली वाकून पठाण बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव मालवण तालुक्यात, नोकरी पुण्याला. गावच्या खाडीत ३२ फुटी लाकडी मच्छीमारी बोट विकायला आहे. मालकाच्या सांगण्याप्रमाणे वय २२ वर्षं. इंजिनासकट २ लाख ६० हजार मागतोय. "सगळी सागवानी आहे, चार फळ्या बदलल्यात नि रंग मारलात की झालं," असं त्याचं म्हणणं. ती दुरुस्त करायची, सुट्टीत स्वतः फिरायचं आणि जमलं तर पर्यटक फिरवून खर्च भागवायचा, असा बेत आहे. घ्यावी का?

मी ३५ वर्षं लाकडी होड्या बांधतोय, आणि बांधल्या त्याहून जास्त दुरुस्त केल्यात. फोटो बघून मला कधी 'हो' म्हणता येत नाही. 'नाही' मात्र कधीकधी म्हणता येतं. तुम्ही पाठवलेल्या अकरा फोटोंत तसं नाही म्हणण्यासारखं काही दिसलं नाही, कारण त्यातला एकही फोटो खालून काढलेला नाही. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा नवा निळा रंग, झेंडूचं तोरण, केबिनमधला देव, सगळं छान आहे. पण बोट घ्यायची की नाही ते खालून ठरतं.

मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे मिस्त्री म्हणायचे, "झिला, रंग काय बघतंस? खाली वाकान पठाण बघ." पठाण म्हणजे बोटीच्या तळाचं नाळेपासून मागपर्यंत गेलेलं मुख्य लाकूड, तिचा कणा. फळी बदलता येते. आतले वांक, म्हणजे बरगड्या, एकाआड एक काढून नव्या घालता येतात. डेक अख्खा उचलता येतो. पठाण बदलायचं म्हटलं तर मात्र बोटीची दुरुस्ती राहत नाही, जुन्या फळ्या वापरून नवी बोट बांधणं होतं, आणि ते नव्याहून महाग पडतं. म्हणून माझा नियम साधा आहे: पठाण गेलेलं असेल तर बाकी बोट कितीही देखणी असू दे, मालकाला नमस्कार करून घरी यायचं.

बघायचं कसं? बोट कोरड्यावर असताना एक मजबूत सुताची दोरी घ्या आणि पठाणाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ताणून धरा. बांधतानाच ठेवलेला थोडा बाक असतो, तो एकसारखा असतो. पण मध्यभाग वर आलेला आणि दोन्ही टोकं खाली लोंबलेली दिसली तर होडीची कंबर मोडली असं आम्ही म्हणतो. मधला भाग रुंद असतो, त्याला पाणी जास्त उचलतं. टोकं निमुळती आणि जड. वर्षानुवर्षं हा ताण पडला आणि सांधे सैल झाले की असं होतं. दोनेक इंचांचा फरक मी ३२ फुटांना चालवून घेईन. त्यापुढे नाही. ती ताठ करता येते असं सांगणारे भेटतील. जॅक लावून करताही येते, पण मग प्रत्येक फळीचा सांधा उघडतो.

दोरीनंतर टोचा आणि हलकी हातोडी. नाळ आणि पठाण जिथे जुळतात तो सांधा, पठाणाला लागून असलेली दोन्ही बाजूंची पहिली फळी आणि मागे शाफ्ट, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा, बाहेर पडतो ती जागा, या तीन ठिकाणी वेळ घालवा. बाकी बोट त्यानंतर. हातोडीने ठोकत जा. चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द. बद्द वाजेल तिथे टोचा दाबा. पाव इंचात अडला तर ठीक. लोण्यात गेल्यासारखा गेला तर खडूने खूण करा आणि पुढे जा. शेवटी खुणा मोजा. मालकाला आधीच विचारून ठेवा की टोचा लावणार आहे. जो "रंग खराब होईल" म्हणून नको म्हणतो, त्याने तुमचं काम सोपं केलं.

आता खिळे. हा भाग नवख्या माणसाला माहीतच नसतो, आणि बोट फुटते ती बहुतेक वेळा इथून. बावीस वर्षांत फळी टिकते, पण तिला वांकाला धरून ठेवणारा लोखंडी खिळा गंजतो. डोकं जाड दिसतं, आतलं टोकही शाबूत असतं. जातो तो मधे, फळी आणि वांक यांच्यामधल्या फटीत, जिथे पाणी झिरपतं. तिथे तो सुईसारखा बारीक होतो. बाहेरून ओळख म्हणजे खिळ्याच्या डोक्याभोवती काळा डाग आणि त्याखाली ओघळ. मालकाच्या परवानगीने निरनिराळ्या जागचे चार खिळे उपटून बघा, त्यातला एक शाफ्टजवळचा. चारांतले तीन कंबरेत बारीक निघाले तर 'चार फळ्या' हा हिशेब विसरा, अख्खी बोट पुन्हा ठोकून घ्यावी लागेल.

कीड हा दुसरा चोर. आम्ही नुसतं 'कीड' म्हणतो, पुस्तकात टेरेडो. नाव किड्याचं असलं तरी हा प्राणी शिंपल्यांच्या कुळातला. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून पिल्लू आत शिरतं आणि आत लाकूड पोखरत बोटभर जाडीचं होतं. बाहेरचं भोक तेवढंच राहतं. फळी बाहेरून गुळगुळीत, आतून मधाच्या पोळ्यासारखी. सागाला कीड लागत नाही हे निम्मं खरं आहे. उशिरा लागते, कमी लागते. शिवाय 'सगळी सागवानी' बोट मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बघितल्यात. फळ्या सागाच्या असल्या तरी खाली आईन, बरगड्यांना बाभूळ आणि कुठेतरी मालकाचे पैसे संपले तिथे आंबा किंवा फणस, अशीच बहुतेक बोटींची कहाणी. डेकखालच्या न रंगवलेल्या जागी पटाशीने थोडा पापुद्रा काढा. साग सोनेरी तपकिरी आणि हाताला तेलकट लागतो, वासही चामड्यासारखा येतो. तो एकदा ओळखीचा झाला की माणूस फसत नाही.

सागाच्या टिकाऊपणाबद्दल बोलताना लोक मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' जहाजाचा दाखला देतात. १८१७ साली वाडियांनी मलबारी सागात बांधलेलं ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे, हे खरंच. मात्र त्याच्या दुरुस्तीला दहा वर्षांच्या वर लागली, ते काम २००१ मध्ये संपलं, आणि आज ते जहाज संग्रहालय म्हणून उभं आहे. तुमच्या पाठीशी संग्रहालय आहे का, एवढंच मी विचारेन.

लोकांना वाटतं खारं पाणी लाकूड खातं. मी उलट सांगतो. खाऱ्या पाण्याने लाकूड मुरतं, कुजवतं ते गोडं पाणी. पावसाचं पाणी डेकच्या फटीतून आत गेलं, वांकाच्या कोपऱ्यात साचलं, वारा लागला नाही की दोन पावसाळ्यांत काम तमाम. म्हणून बोट बघायच्या आधी शेजाऱ्यांना एक प्रश्न विचारा: पावसाळ्यात ती वर ओढून शाकारली होती का? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. काळजी घेणारा मालक या काळात बोट ओंडक्यांवर चढवून झापांनी किंवा ताडपत्रीने झाकतो, दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवतो. खाडीत तशीच सोडून दिलेली, अर्धी पाण्याने भरलेली बोट मी दोन-तीन पावसाळ्यांनंतर फुकटही घेत नाही. तुमच्या बोटीचा हा इतिहास मालक सांगणार नाही. समोरच्या दुकानात चहा घेतलात तर कळेल.

फायबर या विषयावर मी जरा जास्त बोलतो, कारण मी स्वतः हात भाजून घेतलेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, तिशी गाठायची होती तेव्हा, मी एक जुनी २६ फुटी होडी स्वस्तात घेतली. तळ थोडा गळत होता. तेव्हा फायबरचं वारं नुकतं आलेलं. मी म्हटलं, कशाला फळ्या बदला, बाहेरून फायबरचं आवरण चढवलं की आयुष्यभराची चिंता मिटली. दोन थर चढवले, रंग दिला, होडी आरशासारखी चमकायला लागली. गावातले चार लोक बघायला आले आणि मी दोन हंगाम छाती काढून फिरलो. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात वर ओढली तेव्हा तळावर हात ठेवला तर पोकळ आवाज. एक जागा कापून उघडली. आत काळं, ओलं, चिवड्यासारखं लाकूड. वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या ओल्या फळीला रेझिन धरतच नाही, ते नुसतं सालीसारखं बसतं. मग आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही आणि लाकडाला श्वास नाही. नव्या, कोरड्या लाकडावर पहिल्या दिवसापासून चढवलेलं फायबर वेगळी गोष्ट, ते टिकतं. पण जुन्या बोटीवर फायबर दिसलं की मी ते दुरुस्ती मानत नाही, झाकण मानतो. मालकाने तळाला कधी फायबर लावलंय का, हे विचाराच. लावलं असेल आणि तो दोन-तीन जागी कापून दाखवायला तयार नसेल तर बोलणी तिथेच थांबवा.

आता 'चार फळ्या' म्हणजे किती ते बघू. २० फूट लांब, ९ इंच रुंद, दीड इंच जाड अशी एक फळी धरा. पावणेदोन घनफुटांहून थोडं जास्त लाकूड. गेल्या कामाला मी चांगला साग घनफुटाला ४,५०० ने घेतला, म्हणजे साधारण ८,४०० रुपये. बोटीची फळी सरळ नसते, बाकाने कापावी लागते, त्यात तिसरा हिस्सा वाया जातो: ११,००० च्या वर. बसवायला दोन सुतार दोन दिवस, रोजी १,४०० धरली तर ५,६००. खिळे, सांध्यात ठोकायचा कापूस, राळ, तेल हे सगळं मिळून एक फळी १८,००० ला पडते. चार फळ्या ७२,०००. आणि चार फळ्या कधी चार निघत नाहीत. एक काढली की शेजारचीची कड हातात येते, तिच्यामागे वांक मऊ लागतो. वांकाला बाभळीचं नैसर्गिक बाक असलेलं लाकूड लागतं, ते वखारीत मिळत नाही. सुतार रानात, बांधावर फिरून अमुक बाभळीची अमुक फांदी हेरून ठेवतो. मी अंदाज देतो तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या कामाच्या दुप्पट सांगतो, आणि तरी दहातल्या तीन-चार वेळा कमी पडतो.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडच्या बहुतेक बोटींत ट्रकचंच इंजिन समुद्रासाठी बदलून बसवलेलं असतं, गावातला कोणताही चांगला मेकॅनिक ते तासाभरात तपासून सांगेल. थंड असताना चालू करायला लावा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच चालू करून गरम ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. शाफ्ट हाताने फिरवून बघा, पंख्याच्या पात्यांवर खड्डे आहेत का ते बघा.

बोट एक रात्र पाण्यात ठेवून बघायला मात्र विसरू नका. संध्याकाळी तळातलं पाणी पूर्ण उपसून घ्या, सकाळी पुन्हा उपसा आणि बादल्या मोजा. रात्रभरात दोन-चार बादल्या हे जुन्या लाकडी बोटीला लाजिरवाणं नाही. आपोआप चालणारा पंप बसवलेला असेल तर त्या रात्री त्याची तार काढून ठेवा, नाहीतर तो तुमच्या झोपेत खरी परिस्थिती समुद्रात टाकत राहील. एक गंमत: बोट उन्हाळ्यात दोन महिने वाळूवर असेल तर पहिले दोन दिवस ती गाळणीसारखी गळेल. फळ्या सुकून आकसलेल्या असतात. पाणी पिऊन फुगल्या की सांधे बंद होतात. त्यामुळे पहिल्या रात्रीवरून घाबरू नका, तिसऱ्या रात्रीच्या बादल्या मोजा. उलट, फटीत लाकडाचा भुसा कोंबून पाणी तात्पुरतं अडवणारेही असतात. तळाच्या पाण्यात भुसा तरंगताना दिसला तर समजून जा.

कागद. नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, की त्याच्या वारलेल्या वडिलांच्या? आपल्याकडच्या कितीतरी यांत्रिक बोटी मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या कर्जातून झाल्या, आणि कितीतरी कर्जं अजून उभी आहेत. संस्थेचं ना हरकत पत्र हातात घेतल्याशिवाय बयाणाही देऊ नका. पर्यटकांचं म्हणाल तर मच्छीमारी बोट म्हणून नोंदलेल्या बोटीत तिकीट घेऊन माणसं बसवता येत नाहीत. त्यासाठी मेरीटाईम बोर्डाकडे प्रवासी जलयान म्हणून वेगळी नोंदणी, सर्वेक्षण, विमा, परवानाधारक चालक हे सगळं आलं. जुना १९१७ चा कायदा जाऊन आता २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आहे. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेजवळ नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली, तेव्हापासून लाइफ जॅकेट आणि माणसांची संख्या याबाबत तपासणी कडक झाली आहे, आणि व्हायलाच हवी होती. मासेमारी बंद केलीत की डिझेलच्या करपरताव्यावरही पाणी सोडावं लागेल. म्हणून पर्यटकांचं उत्पन्न हिशेबात धरू नका. आलं तर आलं.

तर किंमत किती द्यावी? माझी पद्धत अशी. बोट उद्या मोडून विकली तर काय मिळेल ते आधी काढा. जुन्या सागाला फर्निचरवाले आणि रिसॉर्टवाले पैसे देतात, हे मालकालाही ठाऊक असतं. चालू इंजिनाचे ९०,००० आणि निघेल त्या लाकडाचे ६०,००० धरले तर दीड लाख. तो २ लाख ६० हजार मागतोय, म्हणजे वरचे १ लाख १० हजार तो 'ही अजून होडी आहे' याचे मागतोय. पठाण सरळ, खिळे शाबूत आणि खडूच्या खुणा दहाच्या आत असतील तर मी दीडपासून सुरू करून १ लाख ८० हजारांपर्यंत जाईन, आणि दुरुस्तीला तेवढेच अजून बाजूला ठेवीन. पठाण नापास झालं तर दीड लाखालासुद्धा नको. तुम्हाला मोडीचा धंदा करायचा नाही.

एक गोष्ट मात्र पठाणाइतकीच महत्त्वाची, ती तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही पुण्याला आणि बोट खाडीत. एप्रिल-मेच्या उन्हात रोज सकाळी डेकवर खारं पाणी मारायला कोण जाणार? पाऊस पडून गेला की तळातलं गोडं पाणी कोण उपसणार? जूनच्या आधी दहा माणसं जमवून वर ओढायला, झाप घालायला कोण उभं राहणार? लाकडी बोट वापराने झिजते कमी, मालक नसल्याने मरते जास्त. गावात तुमचा काका असेल, रापणीचा जुना तांडेल असेल, महिन्याला पैसे घेऊन का होईना तिच्याकडे बघणारा एक माणूस आधी ठरवा. आणि एक सुतार. आमच्यातली तरुण मुलं फायबरच्या साच्यांकडे वळली, लाकडाचं काम करणारे तालुक्याला मोजके उरलेत, त्यातले निम्मे माझ्यासारखे गुडघेदुखीवाले. सुतार होय म्हणाला, त्याने तारीख दिली, मगच बयाणा. ही दोन माणसं नसतील तर पठाण कितीही सरळ असू दे, मी तुम्हाला घेऊ नका असंच सांगेन. समुद्रावर जायची हौस असेल तर गावातल्याच कुणाबरोबर महिन्यातून दोनदा जा, डिझेलचे पैसे द्या.

माणसं मिळाली तर येत्या पौर्णिमेला गावी जा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा जुन्या लोकांचा हिशेब तुम्हाला आठवत असेल: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. उधाणाची सुकती खाली जाते, बोट वाळूवर टेकलेली मिळेल. आदल्या भरतीला ती काठाजवळ, कडक वाळूवर आणून ठेवायला सांगा, चिखलात नाही. चारलाच पोचा, सोबत सुताची दोरी, टोचा, हातोडी, खडू, टॉर्च आणि अंगावर जुने कपडे. पाणी परत चढायच्या आत दोन तास मिळतात, त्यातला पहिला तास पठाणाखालीच घालवा. फोटो काढाल ते खालून काढा आणि मला पाठवा.